एकनिष्ठतेची रेघ: आधी शोधा, मगच हलवा

माझं आणि माझ्या जोडीदाराचं नातं सहा वर्षांचं झालं तेव्हा आम्हाला कळलं, की इतके दिवस आम्ही दोघं दोन वेगवेगळे नियम पाळत होतो. निमित्त अगदी फुटकळ होतं. तो त्याच्या जुन्या मैत्रिणीला दरवर्षी वाढदिवसाला लांबलचक मेसेज पाठवायचा, तीही तसंच सविस्तर उत्तर द्यायची. त्यात सांगण्यासारखं किंवा लपवण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. मी तो मेसेज चुकून वाचला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. "अगं, पण मी केलं काय?" हा त्याचा प्रश्न खरा होता आणि माझं रडूही खरं होतं.

"आपण दोघंच" हा करार बहुतेक जोडपी कधी करतच नाहीत. तो झालेला आहे असं धरून चालतात. म्हणून हद्द वाढवायची (म्हणजे दोघांच्या संमतीने बाहेरही जवळीक चालेल असं ठरवायचं, ज्याला 'ओपन' नातं म्हणतात), सैल करायची, की आहे तिथेच पक्की करायची हे ठरवण्याआधी ती सध्या कुठे आहे हे शोधावं लागतं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. पहिली पायरी करून थांबलात तरी चालेल. ती गाळून थेट चौथीवर उडी मारणारे मात्र आगीतून फुफाट्यात पडताना मी पाहिले आहेत.

पायरी १: दोघांचे दोन कागद

एकनिष्ठता ही एकच एक गोष्ट आहे, हा आपला पहिला गैरसमज. पक्ष्यांचंच बघा. सुमारे ९० टक्के जाती जोडी करून राहतात, म्हणून पूर्वी त्यांना एकनिष्ठतेचे नमुने मानलं जायचं. मग डीएनए तपासण्या आल्या आणि एकाच घरट्यातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे निघू लागले. तेव्हापासून शास्त्रज्ञ 'संसारापुरती जोडी' आणि 'शरीरापुरती जोडी' या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. माणसात तर याहून जास्त कप्पे आहेत: शरीर, प्रेम, मनातलं गुपित, वेळ, पैसा, चारचौघांत 'हा माझा' म्हणून सांगणं. तुम्ही यातल्या नेमक्या कशात एकनिष्ठ आहात?

दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसा. आधी मिळून पंचवीसेक गोष्टींची एकच यादी करा, मग आपापल्या कागदावर प्रत्येकीपुढे तीनपैकी एक खूण करा: चालेल, सांगून चालेल, चालणार नाही. यादीत बारीकसारीक गोष्टी हव्यात, 'फसवणूक' असले मोठे शब्द नकोत. उदाहरणार्थ: ऑफिसात कोणीतरी आवडतं आणि ते मनातच ठेवलंय. एक्सशी रात्री उशिरा गप्पा. पॉर्न. डेटिंग अ‍ॅपवर 'नुसतं बघायला' प्रोफाइल. पार्टीत कुणाशी तरी जवळून नाचणं. आपल्या दोघांच्या भांडणाबद्दल तिसऱ्याजवळ मन मोकळं करणं. एखाद्या मित्राबरोबर दोघांनीच प्रवासाला जाणं. चुंबन. परगावी गेल्यावर एका रात्रीचा संबंध. वर्षभर चाललेलं, पण शरीरापर्यंत न पोचलेलं प्रेम. मेसेज पुसून टाकणं.

ही शेवटची ओळ आमच्याकडे सगळ्यात जड गेली. त्याने 'चालेल'पुढे खूण केली होती. त्याच्या लेखी ते घर झाडण्यासारखं होतं. मी 'चालणार नाही'वर इतकी जोरात फुली मारली होती, की कागद फाटला. तासभर त्याच ओळीवर बोललो. शेवटी लक्षात आलं, की तो कुणाशी काय बोलतो याने मला फारसा फरक पडत नाही, तो ते झाकतो याने पडतो. त्या दिवसापासून वाढदिवसाचा मेसेज 'चालेल'च्या रकान्यात गेला आणि मेसेज पुसणं बाहेर पडलं. म्हणजे आमची रेघ एका ठिकाणी बाहेर सरकली आणि दुसऱ्या ठिकाणी आत.

कागद अदलाबदल केल्यावर पहिल्या वाचनात फक्त प्रश्न विचारायचे: "याचा तुझ्या डोक्यातला अर्थ काय?", "हे चालणार नाही म्हणताना तुला कशाची भीती वाटते?" वाद घालायचा तो दुसऱ्या दिवशी. आणि ज्या ओळींवर दोघांच्या खुणा जुळल्या नाहीत त्यांच्याखाली रेघ मारून ठेवा. त्या पुढे लागणार आहेत.

पायरी २: हवंय काय, आणि आत्ताच का

हा प्रश्न एकट्याने, आरशासमोर उभं राहून विचारावा तसा विचारा. उत्तरं नाना तऱ्हेची असतात. कुणाला शरीराची भूक जास्त, जोडीदाराला कमी. कुणी उभयलिंगी असतं आणि आयुष्याची एक बाजू कधी जगलेलीच नसते. कुणी दोघं दोन देशांत राहतात. कुणाला एकाहून जास्त माणसांवर प्रेम करता येतं हे अनुभवाने कळलेलं असतं. कुणाला कंटाळा आलेला असतो. कंटाळा हे कारण वाईट नाही, पण त्यावर नवा माणूस हा एकच इलाज नसतो, आणि तो सगळ्यात महागडा असतो.

तीन वेळी थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. नात्यात नुकताच विश्वासघात झाला असेल तेव्हा. घरात नवं बाळ, आजारपण किंवा नोकरी गेल्याचं ओझं असेल तेव्हा. आणि एकाला नातं सोडायचंय पण तसं म्हणायचा धीर होत नाही तेव्हा. मोडकं नातं उघडं केल्याने दुरुस्त होत नाही. त्यातून वारा मात्र जास्त येतो.

चौथी अवस्था सगळ्यात सर्रास. कुणीतरी आधीच मनात भरलेलं असतं आणि चर्चा 'तात्त्विक' म्हणून सुरू होते. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. "मला एक जण आवडायला लागलाय, काही घडलेलं नाही, पण त्यामुळेच हा विषय डोक्यात आला" असं सांगा. हे ऐकणं जड जाईल. पण सहा महिन्यांनी तारखा जुळवून जोडीदाराला ते आपलं आपण कळलं, तर त्या तात्त्विक चर्चेतला प्रत्येक शब्द खोटा ठरेल.

पायरी ३: विषय काढणं

भांडण झाल्यावर, अंथरुणात, दारू प्यायल्यावर किंवा चालत्या गाडीत (जिथून समोरच्याला उठून जाता येत नाही) हा विषय काढू नये. निवांत वेळ ठरवा, तासाभराची मर्यादा घाला आणि आधीच सांगून टाका, की आज निर्णय घ्यायचा नाही.

सुरुवात साधी असू दे: "आपण एकनिष्ठ आहोत म्हणजे नेमकं काय, हे आपण कधी बोललोच नाही. मला बोलायचंय. मी कुठे निघालेली नाही, आणि तू नाही म्हणालास तरी ऐकून घेईन." यातलं शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा.

बोलता बोलता छाती धडधडायला लागली, आवाज चढला, तर थांबा. जोडप्यांच्या भांडणांवर अनेक दशकं संशोधन केलेले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात, की नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की माणसाला समोरचं धड ऐकू येत नाही. शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं द्यावी लागतात. त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात पुढचा मुद्दा घोटत बसलात तर उपयोग नाही. भांडी घासा, फेरी मारून या.

आता ज्याला विचारलं गेलंय त्याच्यासाठी. 'नाही' हे पूर्ण उत्तर आहे. त्यासाठी जुनाट, मागासलेले किंवा असुरक्षित ठरण्याची काही गरज नाही. "नाहीतर मी निघालो" या धमकीखाली दिलेला होकार होकार नसतो, आणि जिथे एकाचा पैसा, घर किंवा राहण्याचा परवाना दुसऱ्याच्या हातात आहे तिथे तर दहा वेळा विचार करावा. तोंडदेखलं 'हो' ओळखायची एक खूण सांगते: खरा होकार देणारा प्रश्न विचारतो, अटी घालतो, घासाघीस करतो. नुसतं "तुला हवं ते कर" ऐकू आलं, तर तिथेच थांबा.

पायरी ४: शिडी, एकेक पायरी

'ओपन' म्हणजे थेट दुसऱ्याच्या घरी रात्र काढणं, असं डोक्यात बसलेलं असतं. मध्ये कितीतरी थांबे आहेत. ढोबळ क्रम असा: एकमेकांना बाहेरची आकर्षणं सांगणं, कल्पना फक्त शब्दांत रंगवणं, जोडीदाराच्या देखत, त्याच्या माहितीत थोडं फ्लर्ट करणं, अ‍ॅप दोघांनी मिळून बघणं, कुणाला तरी भेटणं, पण स्पर्श नाही, मग स्पर्श, तोही ठरलेल्या मर्यादेत, आणि शेवटी स्वतंत्र नाती.

प्रत्येक थांब्यावर महिनाभर तरी रेंगाळा. बरीच जोडपी दुसऱ्या थांब्यावरच उतरतात आणि सुखाने घरी जातात; आकर्षण उघड बोलता येणं एवढंच त्यांना हवं असतं. अमेरिकी स्तंभलेखक डॅन सॅव्हेज यांनी 'मोनोगॅमिश' असा एक शब्द रूढ केला, म्हणजे जवळजवळ एकनिष्ठ, अधूनमधून ठरवून सूट. स्विंगिंगमध्ये जोडपं एकत्र जातं आणि भर शरीरावर असतो. पॉलिअ‍ॅमरीत एकाहून जास्त प्रेमाची नाती असतात आणि सर्वांना त्यांची माहिती असते. हा शब्द १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पसरला. नावावरून भांडू नका, आपला थांबा कुठला एवढं ठरवा.

आपणच जगावेगळे आहोत असं वाटत असेल तर एक आकडा. अमेरिकेतल्या आठ हजारांहून अधिक अविवाहित प्रौढांच्या पाहणीत (ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली) पाचातल्या एकाहून अधिकांनी आयुष्यात कधी ना कधी संमतीचं अ-एकनिष्ठ नातं अनुभवल्याचं सांगितलं. त्यांतल्या किती जणांचं चांगलं चाललं, हा प्रश्न अर्थात वेगळा.

पायरी ५: करार लिहिणं

लिहाच. तोंडी ठरलेल्या गोष्टी दोघांना दोन प्रकारे आठवतात, आणि नेमक्या आपापल्या सोयीच्या.

पहिला सल्ला: भावनांवर कलम घालू नका. "प्रेमात पडायचं नाही" हे कलम जवळजवळ प्रत्येक नवं जोडपं लिहितं आणि ते पाळणं कुणाच्या हातात नसतं. मग माणूस प्रेमात पडल्यावर नियम मोडला म्हणून लपवतो, आणि मूळ भानगडीपेक्षा लपवालपवी मोठी होते. त्याऐवजी कृती लिहा: "मन गुंततंय असं वाटलं तर दोन दिवसांत सांगायचं, आणि आपण बोलेपर्यंत त्या व्यक्तीला भेटायचं नाही."

माहिती किती द्यायची हे ठरवा. सगळा तपशील, की नुसतं कोण-कुठे-कधी, की काहीच नको? 'विचारू नको, सांगू नको' ही पद्धत कागदावर सुटसुटीत दिसते. माझ्या एका मैत्रिणीने ती वर्षभर पाळली. नवरा उशिरा आला की तिला विचारता यायचं नाही, आणि तो खरोखर ऑफिसात अडकलेला असला तरी त्याला ते पटवून देता यायचं नाही. न सांगायचा नियम असला की साधी अडचणही संशयास्पद दिसते.

मग व्यवहार. आपलं अंथरूण चालेल का? सामायिक मित्र, सहकारी, शेजारी यांना वगळायचं का? मुलं असतील तर नव्या माणसाची ओळख कधी, कोण म्हणून? फोटो? खर्च कुठल्या खिशातून? आठवड्यातल्या किती संध्याकाळी? वेळेचं कलम सगळेच शेवटी लिहितात आणि भांडणं सगळ्यात आधी त्यावर होतात.

व्हेटो, म्हणजे 'त्याला भेटणं आत्ता बंद कर' म्हणण्याचा हक्क, याबद्दल मी साशंक आहे. सुरुवातीला तो धीर देतो. एकदा वापरला की त्याची किंमत दोघंही बरीच वर्षं फेडत राहतात. 'थांबा'चं कलम बरं: दोघांपैकी कुणीही थांबा म्हटलं की नवीन काही सुरू करायचं नाही, आठवड्यात बसून बोलायचं.

आणि कराराला संपण्याची तारीख घाला. सहा किंवा आठ आठवडे. तारीख आली आणि दोघंही नव्याने 'हो' म्हणाले नाहीत, तर करार आपोआप जुन्या जागी.

कायद्याचं थोडक्यात: बहुतेक देशांत एका वेळी दोघांशी लग्न हा गुन्हा आहे, काही ठिकाणी लग्नाबाहेरचा संबंधही, आणि जिथे तो गुन्हा नाही तिथेही घटस्फोटाच्या वेळी तो मुद्दा निघू शकतो. अमेरिकेतल्या सॉमरव्हिल शहराने २०२० मध्ये दोनाहून अधिक जणांच्या सहजीवनाला मान्यता दिली, पण असे अपवाद विरळाच. तुम्ही जिथे राहता तिथलं वकिलाला विचारून घ्या.

पायरी ६: तपासण्या

इथे लाजून चालत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की चोरून बाहेर जाणाऱ्यांपेक्षा उघडपणे, संमतीने अ-एकनिष्ठ असलेले लोक कंडोम जास्त नियमित वापरत होते. चोरी करणारा तयारीने जात नाही, एवढाच त्याचा साधा अर्थ.

नवं काही सुरू होण्याआधी दोघांच्या लैंगिक संसर्गाच्या तपासण्या, आणि नंतर दर तीन महिन्यांनी. तपासणीत 'विंडो पीरियड' समजून घ्या: संसर्ग झाल्यावर तो चाचणीत दिसेपर्यंतचा काळ. एचआयव्हीसाठी शिरेतून रक्त घेऊन केलेली अँटिजेन-अँटिबॉडी चाचणी साधारण १८ ते ४५ दिवसांनी संसर्ग पकडते. घरच्या घरी करायच्या बहुतेक झटपट चाचण्यांना २३ ते ९० दिवस लागू शकतात. क्लॅमिडिया आणि गनोरिया दोनेक आठवड्यांत सापडतात, सिफिलिसला तीन महिने लागू शकतात. काल भेट, आज चाचणी आणि 'निगेटिव्ह आलं रे' हा दिलासा पोकळ असतो. मुखमैथुन किंवा गुदमैथुन झालं असेल तर घशाचा आणि गुदाचा नमुना वेगळा द्यावा लागतो, नुसत्या लघवीत तो संसर्ग दिसत नाही. डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही, तुम्ही सांगा.

कंडोम बऱ्याच गोष्टी अडवतो, पण हर्पिस आणि एचपीव्ही हे विषाणू कातडीच्या स्पर्शानेही पसरतात. एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी या दोन्हींच्या लसी आहेत. एचआयव्हीची जोखीम जास्त असेल तर आधीपासून घ्यायचं औषध (प्रेप) आहे, आणि कंडोम फाटण्यासारखा प्रसंग घडला तर ७२ तासांच्या आत सुरू करायचं २८ दिवसांचं औषध (पेप) आहे. जितक्या लवकर तितकं बरं. गर्भनिरोधाचं साधन कोणतं, चुकलं तर काय, हेही कराराच्या कागदावरच लिहा.

पायरी ७: तिसरा माणूस

शिडी, करार, प्रयोग हे सगळे शब्द तुमच्या दोघांचे आहेत. तिसऱ्या माणसाने त्यातलं काही लिहिलेलं नाही. पहिल्या भेटीतच त्याला सांगा, की तुमचं नातं आहे, त्याच्या अटी काय आहेत, आणि कुठली दारं त्याच्यासाठी बंद आहेत. 'थांबा' म्हणायची वेळ आली तर प्रत्यक्ष भेटून सांगा. मेसेजवर उडवून लावण्याइतकं स्वस्त कुणीच नसतं.

पायरी ८: पहिली रात्र, आणि मत्सर

माझा जोडीदार पहिल्यांदा कुणाला तरी भेटायला गेला ती संध्याकाळ मला मिनिटामिनिटाने आठवते. सगळं ठरलेलं होतं, हो म्हणणारी मीच होते. कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या, परत घातल्या. दहाला येतो म्हणाला होता, पावणेअकराला आला. त्या पाऊण तासात मी मनातल्या मनात घर सोडलं होतं, वकील गाठला होता आणि सामानाची वाटणीही केली होती.

दुसऱ्या दिवशी बोलताना कळलं, की ती कोण, कशी दिसते, काय झालं याने मला ओरखडाही उठला नव्हता. जे बोचलं ते पाऊण तास. म्हणजे तिच्याकडे जाताना माझा वेळ दुय्यम झाला, ही भीती. त्यानंतर आमचं कलम एका ओळीचं झालं: उशीर होणार असेल तर ठरलेल्या वेळेआधी फोन. बाकीचं जसंच्या तसं राहिलं आणि पुढच्या वेळी मी साडेनऊलाच झोपले.

मत्सर आला की त्याला असं सुटं करून बघा. "मला जेलस वाटतंय" या पोत्यात काय काय कोंबलेलं असतं: टाकलं जाण्याची भीती, तुलना, वगळल्याची चीड, लोक काय म्हणतील, किंवा निव्वळ थकवा. प्रत्येकाचा उपाय वेगळा. तुलनेवर उपाय म्हणजे तपशील कमी ऐकणं. टाकलं जाण्याच्या भीतीवर उपाय म्हणजे भेटीनंतरचा दुसरा दिवस दोघांसाठी राखून ठेवणं. सान फ्रान्सिस्कोतल्या केरिस्टा नावाच्या समूहाने जोडीदाराच्या दुसऱ्या प्रेमाचा आनंद वाटण्याला 'कंपर्शन' असा शब्द काढला. तो आनंद मला दोनदा झाला, प्रत्येकी दहा मिनिटं. नाही झाला तरी तुम्ही नापास होत नाही.

नव्या माणसाची धुंदी ही वेगळीच गोष्ट. नवं ते चकाकतं, आणि घरी वाट बघणाऱ्याच्या वाट्याला बिलं आणि गळका नळ येतो. पहिल्या वर्षात घर, मूल, पैसा, लग्न यांबद्दल कुठलाही मोठा निर्णय नको.

पायरी ९: आढावा, आणि परत मिटवणं

ठरलेल्या तारखेला बसा आणि तीन प्रश्नांची उत्तरं दोघांनी आधी लिहून आणा. गेल्या आठवड्यांत मी काय सांगायचं टाळलं? आपल्या दोघांचा वेळ कमी झाला का? हे आज नव्याने कुणी सुचवलं असतं तर मी हो म्हणाले असते का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'काही नाही' असं झटकन आलं तर पुन्हा विचारा.

आम्ही चौदा महिन्यांनी उघडलेलं दार पुन्हा मिटवलं, म्हणजे परत 'आपण दोघंच' झालो. तमाशा झाला नाही. दोघंही दमलो होतो आणि वेळ कमी पडत होता. मिटवताना काही कामं करावीच लागतात. जो माणूस मधे आहे त्याला समोर बसून सांगणं. अ‍ॅप नुसतं काढणं पुरत नाही, खातं बंद करणं. पायरी १ मधली यादी नव्या कागदावर पुन्हा भरणं, कारण जुन्या खुणा आता लागू नसतात. आमच्या सात ओळी बदलल्या होत्या. आणि शेवटच्या भेटीपासून तीन महिने मोजून एक तपासणी दोघांची, तोवर कंडोम चालू.